गाळलेलं अकरावं रीळ

एका माणसाची बावीस वर्षांची नोकरी माझ्या दोन वाक्यांमुळे गेली. ती वाक्यं माझी होती हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती समजते, मला आधीपासूनच कमी बोलायची सवय आहे. तशी ती होतीच, पण इतकी नव्हती.

आधी माझ्या नादाबद्दल सांगावं लागेल, कारण जे झालं ते त्यातूनच.

घाटंजी आणि पांढरकवडा यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावात मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. गावाचं नाव लिहीत नाही. लग्नाआधी एकदा नागपूरच्या फुटपाथवर मला एक जाडजूड पुस्तक मिळालं. मुखपृष्ठावर एका परदेशी सुपरहिरोचा सिनेमातला फोटो. सिनेमा मी पाहिलेला होता, म्हणून पुस्तक सहज वाचायला घेतलं, आणि तिसऱ्याच प्रकरणात अडखळलो. पुस्तकात नायकाला एक बहीण होती. चांगली बोलकी, भांडखोर. सिनेमात तर बहीण नव्हती. सिनेमा पाहून पुस्तक लिहिणाऱ्याने ही बहीण आणली कुठून?

उत्तर मिळायला वर्ष गेलं. अशी पुस्तकं सिनेमा पाहून लिहिलेली नसतातच. सिनेमा लागेल त्या दिवशी पुस्तक दुकानात हवं असतं, म्हणून लेखकाच्या हाती पटकथा फार आधी देतात. तो बिचारा त्यावरून कादंबरी लिहून मोकळा होतो. इकडे सिनेमावाले पटकथा बदलतात, चित्रीकरणात आणखी बदलतात, कापताना उरलंसुरलं बदलतात. पुस्तकाला यातलं काही कळत नाही. ते सिनेमाच्या मागून आलेलं नसतं. ते आधी निघालेलं आणि वाटेत एकटं पडलेलं असतं.

पुढे यवतमाळला इंटरनेटची दुकानं निघाली. तिथे या सिनेमांचे पहिले कच्चे खर्डे सापडू लागले. मी शनिवारी जाऊन ते छापून आणायचो. परीक्षेच्या उरलेल्या पुरवण्यांवर तीन रकाने आखायचो: पहिल्यात खर्डा, दुसऱ्यात पुस्तक, तिसऱ्यात सिनेमा. प्रसंग समोरासमोर मांडायचे आणि बदल झाला असेल तिथे लाल शाईने खूण करायची. त्या बहिणीचं काय झालं ते असं सापडलं. खर्ड्यात ती नायकाच्या बरोबरीने लढत होती, पुस्तकात ती फक्त भांडत होती, आणि सिनेमात फ्रिजवर एका मुलीचा फोटो लावलेला होता. तीच ती. एक अख्खी बहीण दोन वर्षांत फोटो होऊन गेली.

पुरवण्यांचा तो गठ्ठा मी दोऱ्याने बांधून कपाटावर ठेवायचो. बायको म्हणायची, "पोरायचे पेपर तपासा म्हटलं तर डोळे दुखते तुमचे. ह्या उडणाऱ्या मानसायचे पेपर तपासतानी नाई दुखत?"

मी हसायचो. दुसऱ्या कोणी काय गाळलं हे शोधण्यात मला सुख होतं, एवढंच.

असा एक सिनेमा आमच्या गावच्या टॉकीजला लागला. हिंदीत डब केलेला. नायक पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर, ज्याला लोखंडातली तडा जाण्याआधीची कुरकुर ऐकू येते आणि जो तेच लोखंड हाताने वाकवू शकतो. खलनायकाशी लढताना तो एक पूल उचलतो, आणि त्या पुलाखाली एक चौकीदार मरतो. जगाला वाटतं, चौकीदार खलनायकाने मारला. नायकालाच फक्त खरं माहीत असतं.

पुस्तक आणि खर्डा मी आधीच मिळवून ठेवले होते. खर्ड्यात नायक चौकीदाराच्या घरी जातो, पायऱ्या चढतो, कडीपर्यंत हात नेतो आणि कडी न वाजवता परत फिरतो. पुस्तकात चौदा पानांचं प्रकरण आहे. तो आत जातो, सगळं सांगतो, बाई रडते आणि शेवटी त्याला माफ करते. सिनेमात काय केलं असेल याची मला फार उत्सुकता होती. पहिल्या आठवड्यात मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा सहाचा शो, कारण दिवसा कॉलेज, आणि रविवारी सासरी लग्न होतं. तिन्ही वेळा तो प्रसंग आलाच नाही. पूल पडतो, धूर होतो, धूर विरतो, आणि नायक थेट शेवटच्या लढाईत.

मी सुखावलो. खरंच सुखावलो. दोन रात्रींत लेख लिहिला. मांडणी अशी: कच्च्या खर्ड्यात नायकाला भीती होती, पुस्तकात त्याला धीर आला, आणि सिनेमाने मात्र माफीच कापून टाकली, कारण पडद्यावरच्या बलवान माणसाला चूक कबूल करताना पाहणं धंद्याला परवडत नाही. लेख एका छोट्या दिवाळी अंकाला पाठवला. संपादकांचा फोन आला, "सर, असं आपल्याकडे कोणी लिहिलेलं नाही. लेख पहिलाच लावतो."

आता टॉकीजच्या ऑपरेटरबद्दल. त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं, मीही. वय तेव्हा पन्नाशीचं, अंगात खाकी शर्ट, कानात अत्तराचा बोळा. घराणं मेकॅनिकचं, भाऊ पंप दुरुस्त करायचे, हे एकटे सिनेमाच्या यंत्राकडे आले. माझा नाद त्यांना ठाऊक होता. कधीकधी ते मला केबिनमध्ये उभं राहून टिपणं घेऊ द्यायचे. "आमचे सर पिक्चर पाहात नाई, पिक्चरचा पंचनामा करते," असं ते गेटकीपरला सांगायचे.

लेख पाठवल्यानंतरच्या रविवारी मी बाजारातून येत होतो. चाचा टॉकीजच्या जिन्यावर बसून चहा पीत होते.

"या सर. बाराचा शो पाहून घ्या आज. आज पुरा हाय."

"पुरा म्हणजे?"

"पुरा म्हंजे पुरा. तुमी तं सहालेच येता. सहाले अकरा नंबर नसते."

मला कळलं नाही. त्यांनी वर नेऊन दाखवलं. रिळांचे डबे भिंतीशी ओळीने ठेवलेले, प्रत्येकावर रंगाने आकडा. अकरा नंबरचा डबा वेगळा, खिडकीखाली.

"सहाचा शो पुरा चालवला तं साडेआठ वाजून जाते," चाचा म्हणाले. "तांड्याकडची शेवटची गाडी साडेआठले निघते. अर्धी टॉकीज त्या गाडीची. गाडी गेली तं हे लोक जाईन कुठं? मालक म्हणते, एक रीळ काढ. कोनतं काढाचं ते मी पाह्यतो. शुक्रवारी सकाळी पूरी प्रिंट एकटा पाह्यतो, मंग ठरवतो."

"पण जोड लागतो कसा? मी तीनदा पाहिला. मला कळलं नाही."

चाचा खूश झाले. "दहा नंबरच्या शेवटाले धूर हाय. बारा नंबरच्या सुरुवातीलेबी धूर हाय. धुरात धूर मिळवला. तुमाले नाई कळलं तं दुसऱ्या कोनाले कळते?"

मी बाराच्या शोला बसलो. अकरावं रीळ पाहिलं. नायक पायऱ्या चढतो. कडी वाजवतो. बाई दार उघडते. तो म्हणतो, तुमचा माणूस माझ्या हातून गेला. ती रडत नाही. ती विचारते, "शेवटी तो एकटा होता?" तो म्हणतो, "नाही. मी होतो." ती दार लावून घेते. तो बराच वेळ त्या बंद दारासमोर उभा राहतो. माफी नाही, काही नाही.

तिन्हींत तेच सर्वांत खरं होतं. खर्ड्यापेक्षा, पुस्तकापेक्षा. आणि ज्या सिनेमाने ते केलं त्याला मी भित्रा ठरवून आलो होतो.

शो सुटल्यावर मी चाचांना विचारलं, "हेच रीळ का काढलं? यात मारामारी नाही म्हणून?"

"नाई जी. हे चांगलं हाय म्हनून काढलं." ते रीळ उलटं गुंडाळत होते, नजर हातावर. "शेवटच्या अर्ध्या घंट्यात लोक थैल्या उचलून राह्यते, चपला शोधून राह्यते, लेकरायले उठवून राह्यते. त्यायच्यासमोर तो बिचारा माफी मांगन? बरं नाई दिसत. मारामारी असू द्या, ते उभ्याउभ्याबी पाहाता येते."

माझ्या पुरवणीवर तीन रकाने होते. चौथा या केबिनमध्ये होता. खर्डा लिहिणारा, पुस्तक लिहिणारा, सिनेमा कापणारा, आणि शुक्रवारी सकाळी एकट्याने स्टुलावर बसून, कोणापुढे काय ठेवावं आणि कोणापुढे ठेवू नये हे ठरवणारा हा माणूस. यावर लेख लिहायला हवा होता. आज मला ते स्पष्ट दिसतं. तेव्हा मला एकच दिसत होतं, की माझा लेख चुकला आहे आणि तो पहिल्या पानावर लागणार आहे.

दिवाळीला दोन महिने होते. गावात चार ठिकाणी फोन होता. संपादकांना एवढंच सांगायचं होतं, थांबा, माझी चूक झाली. मी रोज उद्या करू म्हणत राहिलो. मग स्वतःला समजावलं की मुद्दा तर खराच आहे, एक सिनेमा इकडेतिकडे. अंक आला. कौतुक झालं. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये अंक फिरवला. नागपूरहून दोन पत्रं आली आणि मी ती चारचौघांत वाचून दाखवली.

तिसरं पत्र माझ्याकडे नाही, संपादकांकडे गेलं. एका निवृत्त बाईंनी लिहिलं होतं की हा प्रसंग सिनेमात आहे, मी नातवंडांबरोबर पाहिला, लेखकाने सिनेमा न पाहताच लेख लिहिलेला दिसतो. संपादकांनी पत्राची प्रत मला पाठवली आणि खाली लिहिलं, खुलासा द्यावा.

तो खुलासा मी एका बैठकीत लिहिला. त्यातली दोन वाक्यं मला पाठ आहेत: "आमच्या गावातील टॉकीजच्या ऑपरेटरने प्रत्येक सायंकाळच्या खेळाला एक रीळ परस्पर गाळल्याचे आता उघडकीस आले आहे. ग्रामीण प्रेक्षकांची ही फसवणूक किती काळ चालू आहे, कोण जाणे."

रीळ गाळलं होतं हे खरं. पण 'आता' खोटं होतं, कारण अंक निघायच्या दोन महिने आधीपासून मला ते माहीत होतं. आणि 'परस्पर' खोटं होतं, कारण मालकाने सांगितल्याशिवाय चाचांनी डब्याला हात लावला नव्हता, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. गाडीचं तर मी नावच काढलं नाही. गाडीचं लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला चाचांचा राग आला नसता. म्हणून गाळलं. काय गाळलं की काय उरतं, याचा माझ्याइतका अभ्यास गावात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

संपादकांनी माझं नाव न घालता तो मजकूर स्वतःच्या टिपणात घेतला. ती सवलत मी मागितली नव्हती, पण मिळाल्यावर नाकारलीही नाही. तिथून एका स्थानिक वार्ताहराने ती दोन वाक्यं उचलून बातमी केली, गावाच्या नावासकट. बातमी प्रिंट पुरवणाऱ्यांच्या अमरावतीच्या कचेरीत पोचली. तिकडून मालकाला विचारणा झाली. मालकाने सांगितलं, मला यातलं काही ठाऊक नाही, ऑपरेटरचा कारभार. आणि त्याच आठवड्यात चाचांना काढलं.

मला हे भाजीबाजारात कळलं. चार दिवसांनी चाचा स्वतः घरी आले. आत आले नाहीत, ओसरीच्या पायरीवर बसले. बायकोने पाणी दिलं.

"सर, तुमी लय वाचता," ते म्हणाले. "पेपरात कोनं लिवलं असन हे? कोनाची गाडी चुकली का माह्यामुळे?"

"कळत नाही चाचा," मी म्हणालो. "बाहेरचं कोणी असेल."

"बाहेरच्याले रीळ काढल्याचं कसं मालूम?" त्यांनी पाण्याचा पेला पायरीवर ठेवला. मग स्वतःच म्हणाले, "गेटकीपर असन. त्याचा मेव्हना काम शोधून राह्यला."

मी गप्प राहिलो. गेटकीपर तसा नव्हता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. पण ते तीन महिने त्याच्याशी बोलले नाहीत, हे मी पाहिलं आहे.

पुढे ते भाच्याच्या दुकानात मोटरीला तार गुंडाळायला बसू लागले. हात तोच, रीळ गुंडाळायचा. मी त्या रस्त्याने जाणं कमी केलं. काही वर्षांनी ते नेरला मुलीकडे राहायला गेले. टॉकीज बंद पडली. नादातून माझं थोडंफार नाव झालं, व्याख्यानं झाली, आता तर सगळे खर्डे मोबाइलवरच मिळतात आणि परदेशातली मुलंही अशी तुलना करतात. पुरवण्या मात्र मी सोडल्या नाहीत.

या वर्षी एका प्रकाशकाने माझे लेख पुस्तक करायला मागितले. त्यांनी जो क्रम लावला त्यात तोच लेख पहिला होता. शेरा होता, "जसाच्या तसा घ्यावा." मी तो कागद आठवडाभर टेबलावर ठेवला. मग एका सकाळी नेरची गाडी पकडली. बायकोला सांगितलं, चाचांना भेटून येतो.

"वीस वर्षांनी आठवन आली?" ती म्हणाली. "चिवडा घेऊन जा. रिकाम्या हातानं नका जाऊ."

नेरला स्टँडच्या मागे त्यांच्या मुलीचं घर. तिने दार उघडलं आणि आत वळून हाक दिली, "अब्बू, कॉलेजवाले सर आये."

चाचा खाटेवर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा अधू. पण आवाज तोच. "पंचनामेवाले सर! या, या. अजून चालू हाय का कोर्ट?"

चहा आला, चिवड्याचा पुडा फुटला. त्यांनी मोबाइल दाखवला. नातीने त्यांना तो सिनेमा काढून दिला होता. "अकरा नंबर मी परत पाह्यलं सर. चार वेळा. बरोबरच काढलं होतं मी. घाईत पाहाची चीजच नाई ते."

"बरोबर होतं," मी म्हणालो.

मग त्यांनी उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढली. रेशनकार्ड, डोळ्याचे कागद, आणि घडी घालून पिवळं पडलेलं बातमीचं कात्रण. ते त्यांनी माझ्या हातात दिलं.

"राग नाई आता. गेटकीपर बिचारा गेला, त्याच्या मयतीले मी गेलतो. मुलगा म्हने, चाचा, बाबानं नाई लिवलं ते, कसम खाऊन गेले. म्हंजे दुसरंच कोनी." त्यांनी बोटाने चाचपडत ओळीवर खूण केली, बारीक अक्षर दिसत नसतानाही बरोबर जागी. "हा एक शब्द खटकते. परस्पर. मालकाले विचारल्याबिगर मी डब्याले हात नाई लावला कधी. लिवनाऱ्यानं मले येऊन विचाराले पाह्यजे होतं. लिवनारा शिकलेला हाय सर. शब्द चांगले हायत त्याचे."

त्यांना माहीत आहे की नाही, ते मला कळलं नाही. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, पण नजर कुठे होती ते त्या डोळ्यांवरून सांगता येत नव्हतं. मी कात्रणाची घडी केली. तोंड उघडलं. मुलगी आतून म्हणाली, "सर, और चाय लेंगे?" आणि मी म्हणालो, "नको, गाडी निघेल."

साडेबाराची गाडी होती. तेव्हा अकरा वाजले होते.

परत आल्यावर प्रकाशकाला कळवलं की तो लेख घेऊ नये, आणि त्याच्या जागी हे लिहायला बसलो. लिहून झालं आहे. पण वाचणारे तुम्ही आहात, चाचा नाहीत. त्यांना मराठी वाचता येतं, डोळ्यांनी साथ दिली तर. आणि मी हे छापून ते त्यांच्यापर्यंत कधीतरी पोचेल म्हणून वाट पाहणं म्हणजे पुन्हा तेच, पायऱ्या चढायच्या आणि कडी वाजवायची नाही. गेटकीपरला तर आता काहीच सांगता येणार नाही. त्याच्या मुलाला सांगता येईल.

मी त्यांचं देणं लागतो ते एवढं. नेरला जाऊन, चाचांसमोर बसून सांगणं, की ती दोन वाक्यं मी लिहिली, 'आता' खोटं होतं, 'परस्पर' खोटं होतं, आणि गेटकीपरचं नाव तुम्ही घेतलंत तेव्हा मला खरं माहीत होतं. हे मी अजून सांगितलेलं नाही.